सुलट आट्यांची रिंग

ही गोष्ट सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. नात्यात किंवा शेजारीपाजारी कोणी विषय काढलाच, तर माझं एक वाक्य तयार असे: "तिनं ब्रेक काढून ठेवला होता." वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतकं चाललं. ऐकणारा मान हलवायचा, आजकालच्या पोरींबद्दल काहीतरी बोलायचा आणि विषय मिटायचा.

मागच्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला. त्याच्या मुलीनं हट्टापायी स्वतःचा पाय घालवला आणि वर खोटंही बोलली, अशी त्याची शेवटपर्यंत समजूत होती. ती समजूत मी करून दिली होती. आता त्याला काही सांगता येत नाही. निदान जसं घडलं तसं कागदावर तरी असावं.

अकोल्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आधी भाड्यानं द्यायच्या सायकलीही होत्या. घरोघरी गाड्या आल्या तशा त्या बंद झाल्या. पुढे दुकानही बंद केलं आणि हत्यारं घरामागच्या टिनाखाली आणून ठेवली. भाऊ अमरावतीला सरकारी कचेरीत कारकून होता. त्याला एकच मुलगी. मी तिच्या वडलांचा मोठा भाऊ, म्हणून ती मला मोठेबाबा म्हणायची. लहानपणी सुटीत आली की टिनाखालीच बसायची. पंक्चर काढायला ती सातव्या वर्षी शिकली.

अमरावतीला कॉलेजात गेल्यावर तिला सायकल शर्यतीचा नाद लागला. साधा नाद नव्हता. तिचे प्रशिक्षक, ज्यांना ती नुसतं 'सर' म्हणायची, तिला म्हणाले होते की थोड्या अंतराच्या ट्रॅक शर्यतीत ही राज्याच्या संघात जाईल. चार महिन्यांनी पुण्याला निवड चाचणी होती. मैदानावरची एक सायकल सहा जणींत वाटून वापरावी लागे. सरांनी सांगितलं, रोजच्या सरावाला स्वतःची हवी, आणि ती फिक्स्ड गिअरचीच हवी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या सायकलीत पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, कारण मागे फ्रीव्हील असतं. फिक्स्ड गिअरमध्ये फ्रीव्हील नसतं. दात्यांची चकती थेट चाकाला आवळलेली असते, चाक फिरतंय तोवर पायही फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनीच पायडल मागे रेटून चाक आवरायचं. ट्रॅकवर ब्रेक नसतो, पायच ब्रेक.

भावानं मला फोन केला. "भाऊ, हे पोट्टी सायकलसाठी डोकं खाऊन राहिली. तुमाले त्यातलं समजते. तुमी म्हणान ते घेऊ. मी मधात पडत नाई."

तेव्हा निवड माझ्या हातात होती, हे आधी नोंदवून ठेवतो.

मी अमरावतीला गेलो. तिनं वही काढली होती. त्यात तीन सायकली लिहिलेल्या. पहिली नागपूरच्या कुणाची तरी वापरलेली, फोटो मोबाइलवर आला होता. ती मी पाहताक्षणी बाद केली, चौकट तिच्या उंचीला मोठी होती. दुसरी फार महाग, ती तिनं नुसती लिहायची म्हणून लिहिली होती. तिसरी अमरावतीतच, एका नव्या दुकानात. पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी त्यांच्याकडची सगळ्यात स्वस्त. तिनं मुलांना स्केटिंग शिकवून जमवलेल्या पैशात ती थोडक्यात बसत नव्हती. उरलेलं भाऊ घालणार होता.

दुकान काचेचं होतं. आत ग्रीसचा वास नव्हता. मालक तिशीतला. राखाडी रंगाची ती सायकल त्यानं स्टँडवर चढवली. पोरीनं सीटवर हात ठेवला तो ठेवलाच.

मी सायकलभोवती फिरलो. "कॅरिअर नाई, स्टँड नाई, घंटी नाई, चेनकव्हर नाई. जे जे नाई त्याचे पैसे घेता का तुमी?"

मालक हसला. "काका, पैसे हबचे आहेत. हे बघा." त्यानं मागचं चाक काढून दाखवलं. चाकाच्या मधल्या हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या होत्या. मोठ्या पायरीवर दातेरी चकती बसते, ती सुलट आट्यांवर. तिच्या बाहेर छोट्या पायरीवर एक रिंग, ती उलट आट्यांची. "चालवणारा पाय मागे रेटतो तेव्हा चकती सुटायला बघते. पण ती सुटायला लागली की ही रिंग उलट दिशेनं आणखी आवळते. म्हणून निघत नाही."

मला ते एका वाक्यात समजलं होतं. प्रत्येक सायकलचं डावं पायडल उलट आट्यांचं असतं, ते पाय मारता मारता सुटून येऊ नये म्हणूनच. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो. पण त्याचं पुढचं वाक्य मला लागलं. "काका, तुमच्या वेळच्या सायकलीत हे नव्हतं. हे आता नवीन शिकावं लागतं."

पोरीसमोर बोलला. ती हसली नाही, पण मला ती हसल्यासारखी वाटली.

बाहेर येऊन मी म्हणालो, "ही घ्याची नाई. मी बनवून देतो."

"मोठेबाबा, मले हेच चांगली वाटून राहिली."

"रंग पाहून सायकल घेत असतेत का वं? माझ्याकडं शर्यतीची जुनी चौकट आहे माळ्यावर. तुझ्या मापाची. हिच्यापेक्षा हलकी भरते. उरलेल्या पैशात चांगले टायर टाकू."

तिनं वळून काचेतून त्या सायकलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पण त्याच्यात ते उलटी रिंग टाकसान ना? सर म्हणतेत, त्याच्याशिवाय नाई चालत."

"मले शिकवशीन आता तू?"

"शिकवून नाई राहिली. विचारून राहिली."

"टाकतो."

तिचा त्यावर विश्वास होता. बापाला ती म्हणाली, मोठेबाबा बनवून देतात. भाऊ खूश झाला.

सायकल मी आठ दिवसांत बांधली. चौकट खरंच चांगली होती. घासून काळा रंग दिला. पुढचं चाक, हँडल, सीट, सगळं नीट जमलं. अडलं ते मागच्या हबवर. दोन पायऱ्यांचा हब अकोल्यात मिळेना. मुंबईहून मागवता आला असता, पंधरावीस दिवस लागले असते. किंवा त्या काचेच्या दुकानातूनही मागता आला असता. पण त्या मालकाला मी फोन करणार नव्हतो.

मग मी माझ्या पद्धतीनं केलं. साधा हब घेतला. एका फ्रीव्हीलच्या आत पितळेचं वेल्डिंग भरून ते गच्च करून टाकलं, म्हणजे ते फिरायचं बंद झालं आणि चकतीसारखंच झालं. हबवर ते बसवून दोन हात लांब पाइपानं आवळलं. त्याच्या बाहेर हबचे थोडे आटे उरत होते. तिथं जुन्या सायकलच्या क्रँकजवळची एक रिंग बसली. सुलट आट्यांची. ज्या दिशेनं चकती सुटणार त्याच दिशेनं ती रिंगही सुटणार. अशा रिंगनं काय थांबतं हे मला ठाऊक होतं. घट्ट असेपर्यंत घट्ट, एवढंच.

मी स्वतःला दोन गोष्टी सांगितल्या. एक, मी पाइप लावून आवळलेलं आजवर सुटलेलं नाही. दुसरी लिहायला लाज वाटते, पण ती लिहिल्याशिवाय हे अर्धंच राहील. पोरीच्या पायात असा किती जोर असणार, असं मला वाटलं.

ती घ्यायला आली तेव्हा आधी मागेच वाकली. चेन हातानं पुढेमागे ओढून पाहिली. रिंगवर बोट ठेवून म्हणाली, "हे उलटीच आहे ना मोठेबाबा?"

"उलटीच आहे."

"दुकानातल्यासारखी छोटी नाई दिसत."

"कंपनी निराळी. आटे उलटेच. खोलून दाखवू का?"

ती घाईनं म्हणाली, "नाई नाई, राहू द्या." माझा अपमान होईल असं तिला वाटलं असावं. खोलून दाखवायला मी नक्कीच तयार नव्हतो. ती नाही म्हणेल हे ओळखूनच विचारलं होतं.

सायकलला पुढचा ब्रेक मी लावला होता. तो दोन मिनिटांत काढता येईल असा बसवला, कारण मैदानावर सर ब्रेक लावू देत नसत. रस्त्यावर मात्र लावायचाच, असं तिला बजावलं. तिनं पाया पडून सायकल एसटीच्या टपावर चढवली.

तीन महिने ती सायकल उत्तम चालली. हे तीन महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, तेही सांगायला हवं. ती फोनवर वेळा सांगायची, कितीनं कमी झाली ते सांगायची. एकदा मी तिचा सराव पाहायला गेलो. मैदानाच्या कठड्याला टेकून उभा होतो. ती समोरून गेली तेव्हा मी तिचे पाय पाहिले. मांड्यांचे स्नायू दोरखंडासारखे उठले होते. मी मनात म्हणालो, अरे, हा जोर मी धरलाच नव्हता.

सर माझ्याजवळ आले. "काका, सायकल छान बांधली. हब कुठला?"

"अकोल्याचा," मी म्हणालो. आजूबाजूच्या पोरी हसल्या. सरही हसले आणि शिट्टी वाजवत पलीकडे गेले.

ही माझी संधी होती. सायकल चार दिवसांसाठी अकोल्याला नेतो, हब बदलून देतो, एवढंच म्हणायचं होतं. कारण विचारलं असतं तर काहीही सांगता आलं असतं. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर तिनं "माझ्या मोठ्याबाबांनी बनवली" असं सांगितलं होतं. मी चहा पिऊन अकोल्याची गाडी धरली. जाताना रिंगला नुसतं बोट लावून पाहिलं. घट्ट होती.

चाचणीला अठरा दिवस राहिले होते तेव्हा ते झालं. सकाळी मैदानावरचा सराव संपवून ती घरी निघाली. ब्रेक बॅगेतच होता. घर जवळ, रोजचा रस्ता, तिनं लावायचा कंटाळा केला. उड्डाणपुलाच्या उतारावर खाली एक मालवाहू गाडी बंद पडून उभी होती. तिनं ती लांबूनच पाहिली आणि वेग कमी करायला पाय मागे रेटले.

मला दुपारी फोन आला. मी पोचलो तेव्हा तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं होतं. भाऊ म्हणाला, घरी जाऊन तिचे कपडे घेऊन या. सायकल कोणीतरी त्याच्या अंगणात आणून टाकली होती. पुढचं चाक घडी झालेलं. मी आधी मागे पाहिलं. चकती हातानं डुगडुगत होती. रिंग आट्यांच्या अगदी टोकाशी लोंबकळत होती.

मी ती बोटांनी काढली आणि खिशात घातली. चकती हातानं फिरवून पुन्हा बसवून ठेवली. मग कपडे घेतले आणि दवाखान्यात गेलो. हे सगळं करायला पाच मिनिटंही लागली नसतील. मी घाबरलो होतो असं म्हणता येईल, पण माझे हात थरथरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर होती. उजवा गुडघा पार चुरडला होता. मी दिसताच म्हणाली, "मोठेबाबा, मी पाय मागं दाबले तं पायात काहीच नाई राहिलं. पायडल रिकामंच गेलं मागं. बाबाले सांगा ना, असं होऊ शकते."

भाऊ खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं मला विचारलं, "भाऊ, होऊ शकते का असं?"

मी म्हणालो, "उलटी रिंग लावलेली आहे. कसं होईन?" आणि मग तिला विचारलं, "ब्रेक कुठी होता तुया?"

तिनं बापाकडे पाहिलं.

"सांग ना, कुठी होता?" भावानं विचारलं.

"बॅगेत."

"आयकलं? बॅगेत!" भाऊ मला म्हणाला. "मले वाटलंच. आन वरतून सायकलवर ढकलून राहिली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. अजून मी काहीतरी बोलेन असं तिला वाटत होतं. मी तिची चादर नीट केली.

परतताना मूर्तिजापूरच्या अलीकडे एसटीच्या खिडकीतून ती रिंग मी फेकून दिली. मोडकी सायकल भावानं त्याच आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकली.

नंतर नागपूरला आणखी दोन शस्त्रक्रिया झाल्या. गुडघा अर्धाच वाकतो. शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम तिला सोडावा लागला. भाऊ वाईट माणूस नव्हता, पण खोटं बोललेलं त्याला खपत नसे. अपघात त्याला माफ करता आला असता. तिनं दोष मोठ्या भावाच्या कामावर ढकलला हे त्याला माफ करता येईना. पाहुणे आले की तो म्हणायचा, "हे आमची चॅम्पियन. ब्रेक बॅगेत ठेवते." पाहुणे हसायचे. मीही एकदोनदा हसलो आहे. पहिली दोन वर्षं ती प्रत्येक वेळी म्हणायची, "पायडल रिकामं गेलं होतं बाबा." मग तिनं ते म्हणायचं सोडलं. पुढे तिला धारणीकडच्या एका आश्रमशाळेच्या कार्यालयात नोकरी लागली आणि ती तिकडेच राहिली. सणालाही क्वचित यायची. शेवटच्या आजारपणात तिनं बापाची सगळी सेवा केली. त्यांच्यात त्या विषयावर बोलणं झालं नाही. मी तिथं होतो, म्हणून सांगू शकतो.

तेरवी झाल्यावर महिन्याभरानं मी धारणीला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाटाची गाडी. रस्ता खराब, माझं वय शहात्तर, कंबर धरून बसलो होतो. सगळ्या वाटेवर वाक्यं जुळवत होतो.

शाळेजवळच तिची एक खोली आहे. मला दारात पाहून ती घाबरलीच. "मोठेबाबा! काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुले पाहाले आलो."

"एवढ्या घाटातून? फोन करता येत नोता का? तुमी बी ना बाप्पा!"

तिनं चहा केला. स्टोव्हपाशी वाकताना उजवा पाय बाजूला लांब करून बसते, ते मी पाहिलं. भावाविषयी बोललो, पेन्शनच्या कागदांविषयी बोललो. मग तीच म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत माह्यावर नाराज होते. नाई का?"

मी म्हणालो, "नाई वं. तसा तो बोलाचाच."

"नाई मोठेबाबा, त्यायचं बराबर होतं." ती कप विसळत होती, पाठ माझ्याकडे. "आता मलेच वाटते का पायडल रिकामं गेलंच नसीन. घाबरून मीच पाय सोडले असतीन, आन मंग मनानंच काही जुळवलं. लोकं करतेत तसं. उगीच तुमच्या कामाले नाव ठेवलं मी. तुमाले वाईट वाटलं असीन तवा."

माझ्या हातात कप होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर शाळेची मुलं जेवणाच्या रांगेत ताटं वाजवत होती. इतकी मोकळी वेळ मला नऊ वर्षांत मिळाली नव्हती आणि पुन्हा मिळणार नाही.

मी म्हणालो, "नाई वं पोरी. मले कायचं वाईट वाटते."

ती मला गाडीवर बसवायला आली. पाय ओढत चालते, पण भरभर चालते. गाडी सुटायच्या आधी खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "मोठेबाबा, काही बोलाचं होतं का? सारखं वाटून राहिलं तुमी काही तरी बोलान."

"काही नाई. औषध घेत जाय गुडघ्याचं," मी म्हणालो, आणि गाडी सुटली.

मला म्हणायचं होतं ते असं. पोरी, तू पाय नाई सोडले. पायडल रिकामंच गेलं होतं. रिंग सुलटी होती, मीच लावली होती, मले माहीत होतं, आन तुले मी उलटी म्हणून सांगतलं. ते मी काढून फेकून देली आन तुले तुया बापासमोर खोटं पाडलं. तू पयल्या दिवसापासून खरं बोलत होती. मले माफ कर.